व्यापारी ई-मेल : पत्राचा धर्म आणि धंद्याचे हित

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



‘ई-मेलच्या साहाय्याने धंदा कसा वाढवावा’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत असे कार्यकारी मंडळाने सुचविले, तेव्हा मला प्रथम हसूच आले. माझे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचे. सारा जन्म प्राथमिक शाळेत पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेला. दुकानाच्या गादीवर मी कधी बसलो नाही आणि संगणकाशी माझी ओळख निवृत्तीनंतरची. मी नकार देऊ लागलो तेव्हा चिटणीस म्हणाले, “गुरुजी, यंत्राची माहिती सांगणारे पुष्कळ मिळतात. पत्र कसे लिहावे हे सांगणारा आम्हाला हवा आहे.” यावर मला बोलता येईना, कारण पत्रलेखन हा विषय मी आयुष्यभर शिकविला आहे. शिवाय होकार देण्यास दुसरेही एक कारण होते. या विषयात माझ्या हातून एक चूक घडलेली आहे आणि ती आपणा सर्वांसमोर सांगावयाची संधी मी शोधीतच होतो. ती यथाक्रम सांगेन.

आपल्या ज्ञातीचा पिढीजात धंदा तांब्यापितळेच्या भांड्यांचा. माझ्या लहानपणी दसरा जवळ आला की वडील मला शाळेतून आल्यावर दुकानात बसवीत आणि पोस्टकार्डे लिहावयास लावीत. त्यांच्याजवळ एक लांबट चोपडी असे. तीत कोणत्या घरी कोणत्या साली बंब नेला, कोणाच्या मुलीचे लग्न यंदा ठरण्यासारखे आहे, कोणाच्या पातेल्यांना कल्हई करून किती दिवस झाले, हे सारे टिपलेले असे. त्या चोपडीवरून ते नावे सांगत आणि मी लिही : “आपल्या येथील मोठ्या पातेल्यास कल्हई करून वर्ष होत आले. कल्हईवाला पुढील सोमवारपासून आठ दिवस आमचे दुकानी बसणार आहे. भांडे पाठवावे.” एवढाच मजकूर. एकदा मी उत्साहाने म्हटले, “सगळ्या गावालाच कार्डे टाकू या ना!” वडील म्हणाले, “कार्डाला पैसे पडतात. ज्याला सांगण्यासारखे आपल्याजवळ काही आहे, त्यालाच लिहावे.” ते शब्द मी तेव्हा काटकसरीचे समजलो. त्यांत व्यापाराचे केवढे शहाणपण होते, हे मला साठी उलटल्यावर कळले.

आज पत्राला पैसे पडत नाहीत. एक ई-मेल लिहावे आणि बोट दाबून ते हजार घरी धाडावे. खर्च जवळजवळ सारखाच. पत्राला दाम पडत होता तोवर लिहिणारा आपोआप विचार करी. दाम गेला आणि त्याबरोबर तो विचारही गेला. आपल्या तरुण दुकानदारांची सर्वसाधारण तक्रार अशी की, “आम्ही इतकी ई-मेले पाठवितो, पण कोणी वाचीत नाही.” माझे त्यांना नम्रपणे विचारणे असे की, ज्यांना पाठविली त्यांनी ती मागितली होती काय?

काही जण म्हणतील, व्हॉट्सअ‍ॅपच्या दिवसांत ई-मेलची कटकट हवी कशाला? प्रश्न योग्य आहे. तातडीचा निरोप आणि शेजारपाजारचे गिऱ्हाईक यांसाठी व्हॉट्सअ‍ॅप सोयीचे आहे यात शंका नाही. परंतु बिल, दरपत्रक, मोठ्या मागणीचा तपशील, वापराविषयीची माहिती या गोष्टी माणसाला जपून ठेवावयाच्या असतात आणि वर्षाने शोधावयाच्या असतात. त्यांची जागा ई-मेलच. मंगल कार्यालये, आचारी मंडळी, देवस्थाने आणि परदेशी राहिलेली आपली मराठी कुटुंबे यांच्याशी व्यवहार असाच चालतो. शिवाय गिऱ्हाइकांनी आपण होऊन दिलेल्या पत्त्यांची यादी ही दुकानाची स्वतःची पुंजी असते. एखाद्या कंपनीने आपले नियम बदलले म्हणून ती पुंजी एका रात्रीत नाहीशी होत नाही.

या साधनाचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण त्यातच आपला धडा आहे. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यातून पत्र पाठविण्याची युक्ती रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली साधली. पत्त्यातील ‘@’ हे चिन्ह त्याचीच योजना. पुढे सातच वर्षांनी, १९७८च्या मे महिन्यात, एका संगणक कंपनीचा विक्री-अधिकारी गॅरी थर्क याने नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण सुमारे चारशे लोकांस एकदम धाडले. हे जाळे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने चाललेले होते. पत्त्यांची यादी इतकी लांब झाली की ठरलेल्या जागेत न मावल्यामुळे उरलेले पत्ते मजकुरातच उतरले. न मागता आलेल्या त्या पत्राने लोक रागावले, तक्रारी झाल्या आणि पाठविणाऱ्यास समज मिळाली. म्हणजे ज्याला आज सारे जग ‘स्पॅम’ म्हणते त्याचा जन्म आणि त्याविषयीची चीड या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या. तेव्हापासून साधने पुष्कळ सुधारली. माणसाचा स्वभाव होता तसाच आहे.

याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक काढले. शं. वा. किर्लोस्कर त्याचे संपादक. उद्देश असा की कारखान्याच्या मालाची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत जावी. परंतु नुसती मालाची वार्ता देऊन ते थांबले नाहीत. वाचणाऱ्याला उपयोगी पडेल, त्याच्या विचारास चालना मिळेल असा मजकूर त्यांनी देण्यास आरंभ केला आणि त्या पत्रकाचे पुढे घरोघर वाचले जाणारे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. एका दुकानी पत्रकाची लोक वाट पाहू लागले, ही किमया कशाची? त्या काळी ई-मेल नव्हते, पण जे तत्त्व होते ते आजही तेच आहे. घेणाऱ्याच्या हिताचे काही द्यावे. म्हणजे आपल्या मालाकडेही तो आपण होऊन वळतो.

आता माझी चूक सांगतो.

आपल्या मंडळाने परिवार-सूची तयार करावयास घेतली, तेव्हा आमच्या भागातील घरोघरी हिंडून माहिती गोळा करण्याचे काम मजकडे होते. घरातील माणसे, शिक्षण, व्यवसाय, दूरध्वनी आणि ई-मेलचा पत्ता असे रकाने होते. “गुरुजी आले आहेत” म्हणून कोणी काही विचारले नाही. जे मागितले ते लोकांनी विश्वासाने लिहून दिले. वडीलबंधूंच्या पश्चात आमचे दुकान माझा पुतण्या चालवितो. मुलगा मेहनती आणि सरळ आहे. स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांपुढे आपला धंदा कसा मंदावला हे येथे कोणास सांगावयास नको. एके दिवशी तो म्हणाला, “काका, ती सूची द्या ना. आपलीच माणसे आहेत. दुकानाची माहिती त्यांना कळली तर कोणाचे काय बिघडणार?” मलाही तसेच वाटले. कार्यकारी मंडळाची अनुज्ञा न घेता मी सुमारे अकराशे पत्ते त्याच्या हवाली केले.

त्यानंतर दर तिसऱ्या दिवशी त्या अकराशे घरी पत्र जाऊ लागले : “आजच या! तीस टक्के सूट! संधी दवडू नका!” तीन महिन्यांत मागण्या आल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. जी मंडळी पत्रे उघडीत नव्हती त्यांच्यासाठी पुतण्याने एक तयार पत्र योजून ठेविले होते. यंत्र आपोआप नाव घाली आणि लिही : “अमुकराव, आम्हाला तुमची आठवण येते. परत या!” असे एक पत्र आपल्या ज्ञातीतील एका सद्गृहस्थांच्या नावे गेले. ते वारून तेव्हा दीड महिना झाला होता. त्यांच्या शोकसभेत मीच बोललो होतो. घरातला तो पत्ता आता त्यांच्या पत्नी पाहत असत. त्यांनी उत्तर लिहिले ते असे : “चि. यास आशीर्वाद. तुमचे पत्र पोचले. ते परत येणार नाहीत. हा पत्ता आम्ही मंडळाला दिला होता, दुकानाला दिला नव्हता.”

पुतण्याने ते पत्र मला दाखविले तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होते. मी मात्र पहिल्या वाक्यातील ‘आशीर्वाद’ या शब्दावरच अडलो. त्याच संध्याकाळी आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत. चहा दिला. मी क्षमा मागितली तेव्हा एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, मंडळाच्या यादीतून आमचे नाव काढू नका. लग्नमुंजीची, बऱ्यावाईटाची बातमी तिच्यातूनच कळते.” त्या घराचा मंडळावरचा विश्वास मी किती हलक्या हाताने खर्च केला होता, हे मला तेव्हा कळले.

नुकसान एवढ्यावर थांबले नाही. न मागितलेल्या पत्रांना कंटाळून अनेकांनी ‘स्पॅम’चे बटण दाबले होते. ई-मेलची सेवा देणाऱ्या कंपन्या असे प्रत्येक बोट मोजतात आणि त्यावरून पाठविणाऱ्याची पत ठरवितात. परिणामी दुकानाची खरी पत्रे, म्हणजे बिले आणि दरपत्रकेही लोकांच्या अडगळीच्या कप्प्यात पडू लागली. आचाऱ्यांच्या एका जुन्या पेढीला पातेली, पराती आणि झारे यांचे दरपत्रक पाठविले होते. ते त्यांना दिसलेच नाही आणि मागणी दुसरीकडे गेली. म्हणजे अनोळखी हजारांच्या मागे लागून हातचे गिऱ्हाईक गेले. नीतीचा प्रश्न बाजूस ठेवून निव्वळ व्यवहाराने पाहिले तरी हा आतबट्ट्याचाच धंदा ठरला.

यानंतर मी आणि पुतण्या विद्यार्थ्यासारखे या विषयाच्या अभ्यासास बसलो. त्यातून जे समजले ते आपणापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट परवानगीची. ज्याने स्वतः मागितले त्यालाच पत्र पाठवावे. पत्त्यांच्या याद्या विकत मिळतात. त्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला वहीत पत्ता लिहिताना स्पष्ट सांगावे की आम्ही महिन्यातून एखादे पत्र पाठवू, चालेल काय? मग त्या पत्त्यावर एक लहानसे पत्र जावे आणि त्यातील दुव्यावर गिऱ्हाइकाने ‘होय’ म्हणून बोट दाबल्यावरच त्याचे नाव यादीत धरावे. यात दुहेरी लाभ आहे. संमती पक्की होते आणि पत्ता लिहिण्यात अक्षर चुकले असेल तर तेही लगेच उघड होते. आपल्या संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम २०२५च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणावयाचे ठरले. संमती मोकळेपणाने, विशिष्ट कामापुरती आणि समजून-उमजून दिलेली असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे त्या कायद्याचे सांगणे आहे. ‘मंडळाला दिला होता, दुकानाला दिला नव्हता’ या वाक्यात त्या भगिनींनी साऱ्या कायद्याचे मर्म सांगितले होते.

दुसरी गोष्ट यादीच्या निगेची. भांडे वापरले की घासावे लागते, तशी यादीही घासावी लागते. जो पत्ता अस्तित्वातच नाही, तेथून पत्र परत येते. असा पत्ता त्याच दिवशी काढावा. सहा-आठ महिने ज्याने एकदाही प्रतिसाद दिला नाही त्याला एकच साधे पत्र लिहून विचारावे की, पुढे पत्रे हवीत काय? उत्तर नसेल तर नाव काढून टाकावे. आणि घरात कोणी वारल्याचे कळले तर ते काम यंत्रावर न सोपविता स्वतःच्या हाताने तत्काळ करावे. यादी लहान झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नये. न ऐकणाऱ्या ऐंशी मुलांच्या वर्गापेक्षा ऐकणाऱ्या वीस मुलांचा वर्ग बरा, हे मी अनुभवाने सांगतो.

तिसरी गोष्ट, सर्वांना एकच पत्र पाठवू नये. वडिलांच्या चोपडीचे काम आता संगणक करतो. पण चोपडीत काय टिपावयाचे ते आपणच ठरवावे लागते. आम्ही यादीचे तीन भाग केले : घरगुती गिऱ्हाईक, आचारी व मंगल कार्यालये, आणि परदेशस्थ कुटुंबे. घरगुती गिऱ्हाइकाला कल्हईचे आणि सणासुदीचे पत्र जाते. आचाऱ्यांना लग्नसराईपूर्वी मोठ्या भांड्यांचे माप, वजन आणि दर जातात. परदेशस्थांना समई, ताम्हन, पंचपात्री यांचे वजन आणि पाठवणीचा खर्च आधी सांगावा लागतो, कारण पितळ जड असते. आणि दिवाळीचे पत्र पुष्कळ आधी लिहावे लागते, नाहीतर वस्तू सण झाल्यावर पोचते. ज्याने काल समई नेली त्याला आज “समई घ्या” म्हणून लिहिणे हे विसराळूपणाचे लक्षण होय. त्याला समई कशी घासावी ते लिहावे.

चौथी गोष्ट खुद्द पत्राची. पाठविणाऱ्याच्या जागी दुकानाचे ओळखीचे नाव असावे. वरची विषयाची ओळ लहान आणि खरी असावी. बहुतेक लोक फोनवर पत्र पाहतात आणि तेथे त्या ओळीचे पहिले काही शब्दच दिसतात. म्हणून महत्त्वाचा शब्द आरंभी यावा. “धमाका! शेवटची संधी!” असे लिहिण्यापेक्षा “पितळी पातेल्याला कल्हई केव्हा करावी?” असे लिहिले तर गृहिणी ते उघडून पाहते. आत जे नाही त्याचे आमिष वरच्या ओळीत दाखवू नये. असे आमिष एकदाच साधते. पत्रात एकच विषय असावा आणि वाचणाऱ्याने काय करावे तेही एकच सांगावे : मागणी नोंदवा, किंवा भांडे पाठवा, किंवा फोन करा. सारा मजकूर एका चित्रात भरू नये. काहींच्या फोनवर चित्रे आपोआप उघडत नाहीत आणि मग कोरे पान दिसते. गिऱ्हाइकाला मराठी आवडत असेल तर शुद्ध देवनागरीत लिहावे, रोमन लिपीत ओढाताण करू नये. अनेकांना पत्र पाठविताना सर्वांचे पत्ते सर्वांना दिसतील असे मात्र कधीही करू नये. थर्कच्या पत्रात १९७८ साली झालेला तो प्रमाद आजही नित्य घडतो.

पाचवी गोष्ट, पत्रात काही द्यावे. आपल्याजवळ देण्यासारखे पुष्कळ आहे, फक्त आपण ते क्षुल्लक समजतो. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ शिजवू नये वा ठेवू नये, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. आजच्या सुनांना ते सांगावे लागते. चिंचेने भांडे घासल्यावर ते लगेच धुऊन कोरडे का पुसावे, भांड्याचा जाडपणा कसा ओळखावा, कल्हईत नवसागराचे काम काय, असे एकेक विषय घेऊन पुतण्याने पत्रे लिहिली. मी फक्त त्यांतील ऱ्हस्वदीर्घ पाहिले. त्या पत्रांना उत्तरे येऊ लागली. एका बाईंनी सासूबाईंच्या जुन्या हंड्याचे छायाचित्र पाठवून विचारले की हा दुरुस्त होईल काय? तीन महिने सवलतीच्या आरोळ्या ठोकून जे साधले नव्हते ते अशा एका पत्राने साधले. ज्या पत्त्यावरून आपण लिहितो त्यावर उलट उत्तर येऊ शकले पाहिजे, आणि आलेल्या उत्तराला उत्तर गेले पाहिजे. ‘या पत्रास उत्तर देऊ नये’ असे लिहिणारा दुकानदार म्हणजे गिऱ्हाइकाला बोलावून आपण पाठ फिरविणारा.

सहावी गोष्ट थोडी तांत्रिक आहे, परंतु टाळता येण्यासारखी नाही. पूर्वी महत्त्वाच्या पाकिटावर लाखेची मोहोर असे, तशा आज तीन खुणा आहेत. दुकानाच्या नावाने कोणती यंत्रे पत्र पाठवू शकतात याची जाहीर नोंद, तिला एस.पी.एफ. म्हणतात. पत्र वाटेत बदललेले नाही आणि ते त्याच नावाकडून आले आहे असे दाखविणारी सही, ती डी.के.आय.एम. आणि या दोहोंची परीक्षा फसली तर पत्राचे काय करावे याची सूचना, ती डी.मार्क. मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी जीमेल आणि याहू यांनी २०२४ पासून आवश्यक केल्या, आणि अशा व्यापारी पत्रातून एका बोटासरशी नाव काढून घेता येण्याची सोयही सक्तीची केली. आपली दुकाने एवढी मोठी नसतात; तरी या खुणा लहान दुकानानेही करून घ्याव्यात. त्यासाठी दुकानाचे स्वतःचे संकेतनाव घ्यावे, फुकट मिळणाऱ्या पत्त्यावरून मोठी टपाले सोडू नयेत. स्पॅमच्या तक्रारी हजारामागे तीनपर्यंतही जाऊ देऊ नयेत असे जीमेलचे सांगणे आहे. हिशेब करून पाहा : आमच्या अकराशेंच्या यादीत अवघ्या चार माणसांनी एखाद्या पत्राला तसे बटण दाबले की मर्यादा ओलांडलीच.

सातवी गोष्ट परीक्षेची. किती जणांनी पत्र उघडले हा आकडा पाहून पुष्कळ जण खूश होतात. तो आकडा पत्रात दडविलेल्या एका अतिसूक्ष्म चित्रावरून काढलेला असतो. ॲपल कंपनीने २०२१ पासून गिऱ्हाइकाच्या खाजगीपणासाठी अशी चित्रे आधीच उतरवून घेण्याची योजना केली. त्यामुळे न उघडलेले पत्रही उघडल्यासारखे दिसते. तेव्हा त्या आकड्यावर फार विसंबू नये. किती जणांनी दुवा दाबला, किती उत्तरे आली, किती मागण्या आल्या, किती जण सोडून गेले, हे मोजावे. दोन प्रकारच्या विषय-ओळींपैकी कोणती बरी हे पाहावयाचे तर यादीचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग करून एकेकीला एकेक पाठवावी, आणि बाकी सारे तसेच ठेवावे. मात्र यादी लहान असता एकदोन मागण्यांच्या फरकावरून सिद्धांत बांधू नये. दहा मुलांच्या वर्गात एक मूल जास्त उत्तीर्ण झाले म्हणून शिकविण्याची पद्धत श्रेष्ठ ठरत नाही.

शेवटची गोष्ट, बाहेर जाण्याचे दार. प्रत्येक पत्राच्या तळाशी ‘ही पत्रे नकोत’ असे सांगण्याची सोय स्पष्ट अक्षरांत असावी, आणि ज्याने ती वापरली त्याला पुन्हा पत्र जाऊ नये. गिऱ्हाईक त्या दारातून गेले तर ते उद्या दुकानात येण्याचा संभव राहतो. दार सापडले नाही तर ते स्पॅमचे बटण दाबते आणि कायमचे जाते. दुकानाची पायरी उतरणाऱ्याला आपण हात धरून अडवीत नाही. येथेही तसेच वागावे.

पुढे काय झाले, असे आपण विचाराल. पुतण्याने त्या अकराशे जणांना एक अखेरचे पत्र लिहिले. त्यात पत्ते कसे मिळाले ते खरे सांगितले, क्षमा मागितली आणि ज्यांना पत्रे हवी असतील त्यांनीच कळवावे, न कळविल्यास नाव आपोआप निघेल, असे लिहिले. शंभरांच्याही आत होकार आले. दुकानाच्या वहीतील गिऱ्हाइके नव्याने विचारून जोडली, तेव्हा यादी कुठे तीनशेच्या घरात गेली. धंद्यात काही चमत्कार घडला असे मी सांगणार नाही. स्टीलची भांडी बाजारातून गेली नाहीत आणि जाणारही नाहीत. परंतु कल्हईचे काम आता महिनाभर आधी ठरते आणि ज्या आचाऱ्यांची मागणी हुकली होती त्यांनी यंदा पुन्हा दर विचारले. तीनशे घरे आमचे पत्र वाचतात, ही गोष्ट अकराशे घरे ते फेकून देतात यापेक्षा फार मोठी आहे.

आता मंडळापुढे माझी एक विनंती आहे. आपली परिवार-सूची ही ज्ञातीने मंडळाकडे सोपविलेली ठेव आहे. ठेवीला ठेवणाऱ्याच्या आज्ञेवाचून हात लावू नये, हा आपल्या बापजाद्यांच्या व्यवहाराचा पहिला नियम. म्हणून मी असे सुचवितो की, ही सूची कोणत्याही व्यापारी कामासाठी कोणासही देऊ नये, मग तो पदाधिकारी असो वा पदाधिकाऱ्याचा पुतण्या. ज्या कुटुंबांना ज्ञातिबांधवांच्या दुकानांची वार्ता हवी असेल त्यांच्यासाठी नव्या पत्रकात एक वेगळा रकाना ठेवावा आणि तो रिकामा सोडला तर ‘नको’ असाच अर्थ घ्यावा. आणि कोणाच्या घरी दुःखद घटना घडली तर सूचीतील नोंद आठ दिवसांत बदलण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी. ते काम मंडळाने मला दिल्यास मी ते आनंदाने करीन. माझ्या चुकीचे ते थोडेसे परिमार्जन होईल.

आपल्या तरुण दुकानदारांना मी एवढेच सांगेन की, ई-मेल हे नवे साधन आहे. पण पत्र ही जुनी वस्तू आहे. ते कोणाच्या तरी घरात जाते आणि त्या घरात सुख असते तसे दुःखही असते. पाठविण्यापूर्वी क्षणभर त्या घराचा उंबरठा डोळ्यांपुढे आणावा. “ज्याला सांगण्यासारखे आपल्याजवळ काही आहे, त्यालाच लिहावे,” हे माझ्या वडिलांचे वाक्य आपण दुकानातील संगणकाजवळ लिहून ठेवाल, तर माझे हे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन.